दोन सुतांची माया: नमुन्यांची वाकळ पहिल्यांदा शिवताना

आमच्याकडे वाकळ शिवायला कुणी कुणाला बसवून शिकवत नाही. सुगी आटपून हात मोकळे झाले की चैत्र-वैशाखात दुपारी सोप्यात जुनं लुगडं अंथरलं जातं. घरातल्या आणि शेजारच्या बायका चार बाजूंनी बसतात, आणि सुया ओवून देता देता पोरगी कधी टाका घालायला लागते ते कुणाच्या लक्षातही येत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, आमच्या बेळगाव भागात कुठंही जा, आपण मराठी माणसं तिला वाकळ म्हणतो. भिंतीपलीकडच्या कन्नड घरात तीच कौदी होते, आणि पुण्याकडं गोधडी.

मीही अशीच शिकले. त्यामुळे चौकटी जोडून करायची ‘सॅम्पलर’ वाकळ पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं, ठिगळं तर आयुष्यभर लावली, यात काय वेगळं असणार? पहिल्या चार चौकटी झाल्या आणि एकमेकींशेजारी ठेवल्या. एक नऊ इंच, एक साडेआठ, एक पावणेनऊ. कुणीच कुणाशी जुळेना. सगळं उसवलं आणि कारण शोधायला बसले. हा लेख त्या शोधातून आलेला आहे. ज्यांनी पूर्वी सुई धरली आहे, पण चौकट जोडलेली नाही, त्यांच्यासाठी तो लिहिते आहे. ज्यांनी सुईही धरली नाही त्यांनाही जमेल, फक्त पहिल्या दोन चौकटींना वेळ जास्त द्यावा लागेल.

सॅम्पलर म्हणजे नमुन्यांची वाकळ. हिच्यात प्रत्येक चौकट वेगळ्या नमुन्याची असते. हे नमुने बहुतेक अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळलेले आहेत. तिथल्या शेतकरी बायकांनी त्यांना आपल्या रोजच्या वस्तूंची नावं दिली: लाकडी घर, उडते हंस, ताकाची रवी. नवख्या बाईला या वाकळीचा मोठा फायदा असा की प्रत्येक चौकट एक नवी गोष्ट शिकवते, आणि कंटाळा यायच्या आत नमुना बदलतो.

वाकळीत आणि चौकटीत काय फरक

आपल्या वाकळीत खाली अस्तर, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, आणि त्यावर ठिगळ ठेवून, कडा आत मुडपून, सगळ्या थरांतून एकदमच धावदोरा घालतो. तुकडा अर्धा इंच लहान-मोठा असला तरी बिघडत नाही. शेजारचं ठिगळ त्यावर थोडं जास्त सरकवायचं, झालं. माप नजरेत असतं. आपल्या शेजारच्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, त्याही अशाच कडेकडेनं सुरुवात करून मध्याकडे जातात. त्यांच्या हाताची सफाई पाहिली की इंचपट्टीची गरज कुणाला, असंच वाटतं.

चौकटीत मात्र तुकडे आधी एकमेकांना जोडायचे असतात, सुलटीवर सुलटी बाजू ठेवून. कड आत जाते ती कायमची. म्हणून ती किती आत जाणार हे आधीच ठरलेलं हवं. टेलर ज्याला माया म्हणतात तीच ही, शिवणीसाठी कडेला सोडलेली जागा. चौकटीत माया असते पाव इंच. सुतार, गवंडी आणि जुने शिंपी इंचाचे आठ सूत मोजतात, तर पाव इंच म्हणजे दोन सूत. मी पुढं सगळीकडं सुतातच बोलणार आहे, कारण टेपवरच्या सगळ्यात बारीक रेघा त्या हिशेबानं चटकन सापडतात.

आता माझ्या चौकटी का जुळल्या नाहीत ते सांगते. माझ्या मशीनचा पाय रुंद होता. मी पायाच्या कडेला कापड लावून शिवत होते, आणि ती माया पडत होती तीन सूत. एक सूत म्हणजे किती, केसाएवढं! पण एका शिवणीत दोन तुकडे असतात, दोन्हींचा एकेक सूत गेला. नऊ घरांच्या चौकटीत आडव्या दोन शिवणी येतात, म्हणजे चार सूत, सरळ अर्धा इंच गायब. लाकडी घराच्या चौकटीत एका रेषेत चार शिवणी येतात, तिथं अख्खा इंच गेला. ज्या चौकटीत शिवणी जास्त, ती जास्त आटली. बाकी सगळं मी नीट केलं होतं.

म्हणून पहिलं काम मायेचं. कापड कापायच्याही आधी.

माया पक्की करा

पायमशीन असो की विजेचं, सुई वर घ्या, सुईखाली स्टीलची पट्टी ठेवा, आणि हातानं चाक फिरवून सुई अगदी दोन सुतांच्या रेघेवर टेकेल अशी पट्टी सरकवा. सुईच्या उजवीकडं पट्टीची कड जिथं येते तिथं मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावा. छोटा बांध तयार होतो. आता कापडाची कड त्या बांधाला घासत गेली पाहिजे, पायाकडं बघायचंच नाही.

मग परीक्षा. दोन इंच रुंद आणि वीतभर लांब अशा तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मोजा. सगळी रुंदी बरोबर पाच इंच आणि मधली पट्टी बरोबर दीड इंच यायला हवी. पाच इंचाला एखादा सूत कमी आला तर बांध सुईकडं दोऱ्याभर सरकवा. असं बहुधा करावंच लागतं, कारण शिवण दुमडताना घडीतही थोडं कापड जातं. दोन सुतांपेक्षा धागाभर कमी माया घेतली की माप जुळतं. मला हे जुळवायला पाच वेळा पट्ट्या कापाव्या लागल्या. कंटाळू नका, हे एकदाच करायचं असतं.

हातानं शिवणार असाल तर पद्धत उलटी. पुठ्ठ्याचा साचा मायेशिवाय, म्हणजे तयार तुकड्याच्या मापाचा, अगदी तीन इंचाचा कापायचा. तो कापडाच्या उलट बाजूला ठेवून पेन्सिलीनं रेघ मारायची, आणि रेघेच्या बाहेर अंदाजे दोन सूत सोडून कापायचं. शिवायचं रेघेवर. म्हणजे कड वाकडी कापली गेली तरी शिवण सरळच राहते. दोन्ही तुकड्यांच्या कोपऱ्यांतून टाचणी आरपार घालून कोपरे जुळवा, मग धावदोरा घाला, आणि सुरुवातीला व शेवटी दोन टाके उलट घाला. साच्यासाठी जुनी एक्स-रेची फिल्म पुठ्ठ्यापेक्षा चांगली. कडा झिजत नाहीत आणि आरपार दिसत असल्यामुळे कापडावरचं फूल नेमकं मध्ये आणता येतं.

कापड

पहिल्या वाकळीला सुतीच घ्या. प्रत्येक घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसची एक पिशवी असते, ती आधी काढा. त्यातलं निम्मं मिश्र धाग्याचं निघेल. ओळखायला एक धागा उपसा आणि स्टीलच्या ताटलीवर धरून काडी लावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख होते. पॉलिस्टर वितळतं, गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. मिश्र कापड बाजूला ठेवा. इस्त्रीखाली ते वेगळं आटतं आणि चौकट वाकडी होते.

कापडबाजारातल्या टेलरांकडं कात्रणं मागा, शर्टाच्या पट्ट्या चौकटीसाठी फार चांगल्या. फिक्या रंगासाठी मांजरपाट किंवा पॉपलीन घ्या. आपल्या बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूर भागात मागावर विणलेल्या साड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना जुनी सुती साडी सहज मिळेल, पण ती अस्तराला ठेवा. झिजलेलं कापड तुकड्यांत वापरलं तर शिवणीपाशी विरतं.

इरकली लुगड्याचे काठ आणि गुळेदगुड्डचे खण बघून हात शिवशिवतो, मला कळतं. पण खणाच्या कडा सुटतात आणि इरकली काठ बाकीच्या कापडापेक्षा जाड असतो. ते दुसऱ्या वाकळीत. अगदीच मन राहवत नसेल तर नऊ घरांच्या मधल्या एका घरात खण घाला, आणि तो तुकडा कापायच्या आधी त्याला उलट बाजूनं पातळ खळ द्या.

नवं कापड आधी धुवा. दुकानातली खळ जाते, आटायचं ते आटून जातं. लाल, निळं, जांभळं कापड वेगळ्या बादलीत कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवा. चिंधी रंगली तर पुन्हा धुवा, तिसऱ्या पाण्यालाही रंग सुटत असेल तर ते कापड घेऊ नका. मीठ घातल्यानं रंग पक्का होतो असं आपण सगळ्याच ऐकत आलो, पण माझं लाल कापड मिठाच्या पाण्यातून काढूनही मांजरपाटावर उतरलं.

बारा चौकटींच्या वाकळीला फिकं कापड सव्वा मीटर, गडद तुकडे सगळे मिळून सव्वा मीटर, आणि मधल्या पट्ट्या व बाहेरच्या काठासाठी एकाच रंगाचं सव्वा मीटर लागतं, पन्हा ४४ इंच धरून. गोटाला, म्हणजे कडेभोवती शिवायच्या पट्टीला, आणखी अर्धा मीटर. कापणं शक्यतो मृग लागायच्या आत उरका. पावसाळ्यात आपल्याकडं कापड सतत दमट राहतं, आणि दमट कापलेला तुकडा इस्त्रीखाली लहान होतो. पावसातच बसावं लागलं तर मोजण्याआधी प्रत्येक कापडावर इस्त्री फिरवा.

कापणं

कापडाला तीन दिशा असतात. काठाला समांतर उभा धागा, तो ताणला जात नाही. आडवा थोडा ताणला जातो. तिरका म्हणजे उरेब, तो रबरासारखा वाढतो. पट्ट्या आणि चौकोन उभ्या-आडव्या धाग्यातच कापा. सुरुवातीला कड सरळ करून घ्यायला दुकानदार फाडतो तसं टोकाला कातर देऊन कापड फाडा, म्हणजे धाग्याला धागा येतो. कोपरा काटकोनात आहे का बघायला सुताराचा गुण्या वापरा. शिवणकामाची टेप वर्षानुवर्षं वापरून लांबलेली असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. स्टीलची पट्टी घ्या.

आपली चौकट तयार झाल्यावर नऊ इंचाची. भोवतीची माया धरून साडेनऊ. तीन बाय तीन अशी नऊ घरं, प्रत्येक घर तीन इंचाचं, म्हणजे कापायचं साडेतीन इंच. हा साडेतीनचा आकडा लक्षात ठेवा, लाकडी घर सोडलं तर पाचही नमुन्यांत तोच येतो.

पहिली: नऊ घरं

गडद पाच चौकोन, फिके चार, सगळे साडेतीन इंचाचे. जमिनीवर मांडा: गडद-फिका-गडद, खाली फिका-गडद-फिका, खाली पुन्हा पहिल्यासारखं. आधी आडव्या तीन ओळी जोडा, मग ओळी एकमेकींना.

इथं शिकायचं ते इस्त्रीचं. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. घासली की कापड ताणतं. प्रत्येक शिवणीची माया गडद तुकड्याच्या बाजूला वळवा. असं केलं की पहिल्या ओळीतल्या माया बाहेरच्या बाजूला जातात, दुसऱ्या ओळीतल्या आतल्या बाजूला, आणि ओळी जोडताना त्या एकमेकींत खटकन बसतात. दोन बोटांत धरून चाचपलं की कळतं, उंचवटा राहत नाही. तिथं एक टाचणी लावा आणि शिवा. चार कोपरे एका बिंदूत मिळाले की पहिल्यांदा जो आनंद होतो त्यासाठी मी ही चौकट सगळ्यांना आधी करायला लावते.

मोजा. साडेनऊ आली नसेल तर पुढं जाऊ नका, मागं पट्ट्यांच्या परीक्षेकडं जा.

दुसरी: मैत्रीचा तारा

इथं त्रिकोण येतो, आणि त्रिकोणाबरोबर उरेब. त्रिकोण कापून जोडायला गेलात तर तिरकी कड हातातच लांबते. म्हणून आधी शिवायचं आणि मग कापायचं.

चार इंचाचा एक फिका आणि एक गडद चौकोन सुलटीवर सुलटी ठेवा. फिक्याच्या उलट बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांवर शिवण घाला. आता रेघेवर कापा आणि उघडा: अर्धे गडद, अर्धे फिके असे दोन चौकोन तयार. हिशेबानं चौकोन तीन इंच सात सुतांचा पुरतो, पण मी चार इंच घेते आणि नंतर कडा छाटून साडेतीनचा करते. छाटताना गुण्याचा कोपरा शिवणीवर ठेवा, म्हणजे तिरपी शिवण नेमकी कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते.

या ताऱ्याला असे चार चौकोन लागतात, म्हणजे चार इंचाचे दोन फिके आणि दोन गडद. शिवाय साडेतीनचे चार फिके चौकोन कोपऱ्यांना आणि एक गडद मध्ये. मांडताना प्रत्येक त्रिकोणी चौकोन आधीच्यापेक्षा पाव वेढा फिरलेला हवा, भिंगरीसारखा. शिवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून बघा. एखादा तुकडा उलटा फिरलेला असेल तर जमिनीवर दिसत नाही, फोटोत लगेच दिसतो.

तिसरी: रवी

इंग्रजीत हिला ‘चर्न डॅश’ म्हणतात. मला हा शब्द काही दिवस नुसताच पाठ होता. मग कळलं की लाकडी पिंपात लोणी काढायला जो दांडा घुसळतात त्याच्या खालच्या फुलीचं हे नाव, म्हणजे आपली रवीच. त्यानंतर नमुना कधी विसरला नाही.

कोपऱ्यांना मघाचेच चार त्रिकोणी चौकोन. चार बाजूंना पट्ट्यांची जोडी: दोन इंच बाय साडेतीन इंच एक गडद आणि एक फिकी पट्टी लांबीकडून जोडली की साडेतीनचा चौकोन होतो. असे चार. मध्ये साडेतीनचा एक फिका. मी त्रिकोणाचा आणि पट्टीचा, दोन्हींचा गडद भाग आतल्या बाजूला ठेवते. नवीन काही शिकायचं नाही, पहिल्या दोन चौकटींची ही उजळणी.

चौथी: लाकडी घर

‘लॉग केबिन’. अमेरिकेत १८६० च्या दशकापासून हा नमुना फार चालला. मधला चौकोन बहुतेक वेळा लाल ठेवतात, ती घरातली पेटती चूल असं मानतात. भोवतीच्या पट्ट्या म्हणजे भिंतीचे ओंडके, दोन बाजू उजेडात, दोन सावलीत.

मधला लाल चौकोन साडेतीन इंचाचा. पट्ट्या सगळ्या दोन इंच रुंद. लांबी अशी: फिकी साडेतीन, फिकी पाच, गडद पाच, गडद साडेसहा, मग दुसरा वेढा, फिकी साडेसहा, फिकी आठ, गडद आठ, गडद साडेनऊ. पहिली पट्टी चौकोनाच्या वरच्या कडेला, दुसरी उजवीकडं, तिसरी खाली, चौथी डावीकडं, आणि तसंच पुढं. प्रत्येक पट्टीनंतर इस्त्री करायची, माया बाहेरच्या बाजूला वळवायची.

पट्टी आधी लांबीत कापून घ्या. लांब पट्टी शिवून उरलेली कापू असं केलं की मशीन खालचं कापड ओढतं, वरची पट्टी सैल राहते, आणि चौकट वाटीसारखी फुगते. कापलेल्या पट्टीची दोन्ही टोकं आधी टाचा, मग मधला भाग बसवा. टोकाला दोन सुतांचा फरक दिसला तर मधला वेढा कुठं तरी चुकला आहे. ओढून जुळवू नका, उसवा.

शिळ्या कात्रणांचा या चौकटीइतका चांगला उपयोग दुसऱ्या कशात होत नाही.

पाचवी: उडते हंस

हिवाळ्यात गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. ज्यांनी त्यांची आकाशातली बाणासारखी रांग पाहिली आहे त्यांना या नमुन्याचं नाव समजावून सांगावं लागत नाही.

एका हंसाला दोन बाय साडेतीन इंचाचा एक गडद आयत आणि दोन इंचाचे दोन फिके चौकोन. चौकोनाच्या उलट बाजूला तिरपी रेघ मारा. आयताच्या एका टोकाला चौकोन सुलटीवर सुलटी ठेवा, रेघ खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातून वर मध्याकडं जाणारी. रेघेवरच शिवा, बाहेरचा कोपरा दोन सूत माया ठेवून छाटा, उघडून इस्त्री करा. दुसऱ्या टोकाला तसंच, रेघ उलट दिशेची. दुसरा चौकोन पहिल्यावर मध्ये थोडा चढतो, तो चढलाच पाहिजे.

आता हंसाचं टोक बघा. ते आयताच्या वरच्या कडेपासून बरोबर दोन सूत खाली असायला हवं. कडेला टेकलं असेल तर पुढच्या शिवणीत टोक कापलं जाईल. पहिले तीन-चार हंस बोथट होतात, माझेही झाले. ते बाजूला ठेवून नवे करा. असे आठ हंस. दोन-दोन एकावर एक जोडले की साडेतीनचे चार चौकोन होतात, ते चार बाजूंना. कोपऱ्यांना आणि मध्ये साडेतीनचे पाच फिके चौकोन. जोडताना टोकावर जिथं दोन शिवणी एकमेकींना छेदतात, त्या फुलीच्या धागाभर वरून मशीन चालवा.

सहावी: ओहायोचा तारा

चार त्रिकोणांचा चौकोन. साडेचार इंचाचा फिका आणि गडद चौकोन घेऊन दुसऱ्या चौकटीसारखेच दोन त्रिकोणी चौकोन करा. मग ते दोन एकमेकांवर ठेवा, गडदावर फिका येईल असे, शिवणीत शिवण बसवून. आधीच्या शिवणीला आडवी रेघ मारा, दोन्ही बाजूंना शिवा, रेघेवर कापा. छाटून साडेतीन करताना मधला बिंदू चारही कडांपासून पावणेदोन इंचांवर राहील असं बघा. घाईत एका बाजूनंच छाटलं की ताऱ्याचं टोक सरकतं.

असे चार लागतात, म्हणजे साडेचार इंचाचे दोन फिके आणि दोन गडद. कोपऱ्यांना साडेतीनचे फिके, मध्ये गडद. बाजूच्या चौकोनांतले गडद त्रिकोण कोपऱ्यांच्या फिक्या चौकोनांना टेकले पाहिजेत.

सहा नमुने झाले. प्रत्येक दोनदा करा, दुसऱ्या वेळी रंग बदलून, फिक्याच्या जागी गडद घालूनही. दुसरी चौकट पहिलीपेक्षा निम्म्या वेळात होते.

जुळणी

तीन आडव्या, चार उभ्या अशा बारा चौकटी जमिनीवर मांडा आणि रात्रभर तशाच राहू द्या. सकाळी येता-जाता जी डोळ्यात खुपते तिची जागा बदला. चौकटींच्या मध्ये अडीच इंच कापलेल्या पट्ट्या: साडेनऊ लांबीच्या सोळा, आणि साडेपस्तीस लांबीच्या पाच. एका ओळीत पट्टी-चौकट असं करत चार पट्ट्या, तीन चौकटी. मग ओळींच्या वर, खाली आणि मध्ये लांब पट्ट्या. बाहेर साडेतीन इंच कापलेला काठ. तयार वाकळ साधारण ४१ बाय ५२ इंच, पाच-सहा वर्षांच्या पोराला पांघरायला पुरेल अशी.

काठाची पट्टी कापण्याआधी वाकळ कडेवर मोजू नका, मध्यावर मोजा. कडा हाताळून लांबलेल्या असतात.

थर आणि टाका

अस्तराला जुनी सुती साडी, चारही बाजूंना दोन इंच जास्त. मध्ये एक जुनं धोतर किंवा साडीची दुहेरी घडी. आपल्या थंडीला एवढं पुरतं, आणि जास्त थर घातले तर चौकटींच्या मायांमधून सुई जात नाही. अस्तर फरशीवर ताणून कडांना चिकटपट्टी लावा, वर थर, वर जोडलेली चौकटींची बाजू. मध्यापासून बाहेर वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला.

वाकळ शिवणाऱ्या बायका इथंच थबकतात, कारण आपला हात कडेपासून आत जातो. आपल्या वाकळीत ते चालतं. ठिगळं शिवता शिवता बसवत असल्यामुळे फुगवटा पुढं ढकलता येतो. इथं वरची बाजू आधीच एकसंध जोडलेली आहे. कडेपासून गेलात तर सगळा सैलपणा मध्ये साठतो आणि तिथं चुणी पडते. म्हणून मध्यापासून बाहेर. जाड सुती दोऱ्यानं धावदोरा, ओळींत बोटभर अंतर, आणि शक्यतो शिवणीपासून दोन सूत दूर, म्हणजे मायेचे थर टोचावे लागत नाहीत. सुई ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान घाला. दिवसाला दोन चौकटी झाल्या तर पुष्कळ.

कच्चे टाके उसवा, कडा छाटा, आणि अडीच इंचाची पट्टी लांबीत दुमडून गोट लावा. वरून मशीननं, खालून हातानं. सिद्दी बायका कवंदीच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, त्यांना त्या फुला म्हणतात. फुलांशिवायची कवंदी त्यांना उघडी वाटते. उरलेल्या कात्रणांचे दोन इंचाचे चौकोन दुमडून त्रिकोण करा, तीन-चार एकात एक ठेवा आणि गोट लावतानाच कोपऱ्यात अडकवा. चौकटींच्या काटेकोर वाकळीला ते कोपरे फार शोभतात.

अस्तराच्या एका कोपऱ्यात दोऱ्यानं साल आणि आपलं नाव घाला. पहिली धुणी गार पाण्यात, एकटीच, आणि सावलीत दोन दोऱ्यांवर आडवी पसरून. एका दोरीवर टाकली तर ओल्या वाकळीच्या वजनानं मधल्या शिवणी ताणतात.